कापड गॉट्स-प्रमाणित असेल तर माझ्या ब्रँडच्या टॅगवर गॉट्सचा लोगो छापता येतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तिरुपूरहून ऑरगॅनिक कॉटनचं कापड घेता, पुण्यात ओळखीच्या शिलाई युनिटमधून झबली-दुपटी शिवून घेता, आणि पुरवठादार गॉट्सबद्दल, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक मानकाबद्दल, म्हणतो, "माझ्याकडे सर्टिफिकेट आहे, छापा बिनधास्त." नका छापू. त्याचं कापड शंभर टक्के अस्सल असलं तरी नका छापू.

असला बिनधास्तपणा मी जवळून बघितलाय. सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचो. जर्मनीची ऑर्डर आली, ऑरगॅनिक टॉवेल, गॉट्सच्या लेबलसकट. सूत प्रमाणित गिरणीचं, आमचे माग प्रमाणित, आमचं डाइंगही प्रमाणित. पण डाइंगला तेव्हा दुसऱ्याच ऑर्डरची गर्दी होती. छोटे मालक, म्हणजे मोठ्या मालकांचे पुतणे, त्यांनी माल जवळच्याच एका डाय हाउसला जॉबवर रंगवायला पाठवला. त्या डाय हाउसचं नाव आमच्या स्कोप सर्टिफिकेटवर, म्हणजे कुठल्या युनिटांना हे काम करायची परवानगी आहे त्या कागदावर, कुठेच नव्हतं. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, साहेब, हा लॉट गॉट्समधून बाद झाला, लेबलं लावू नका. तर म्हणाले, "सूत ऑरगॅनिक आहे ना? मग रंगवलं म्हणून ते काय बाटलं?"

ऐकायला बिनतोड वाटतं, म्हणूनच तर चिडचिड होते. गॉट्स हे नुसत्या सुताचं प्रमाणपत्र नाहीच. जिनिंगपासून शेवटच्या शिलाईपर्यंत प्रत्येक टप्पा प्रमाणित लागतो. कुठले रंग, कुठली रसायनं, सांडपाणी कुठे सोडलं, कामगारांना कसं वागवलं, हे सगळं त्यात येतं. आणि यात सगळ्यात जास्त घोळ होऊ शकतो तो रंगाईतच.

लेबलं लागली. माल पॅक झाला. मग खरेदीदाराच्या एजंटने ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट (टीसी, म्हणजे त्या ठरावीक लॉटचं प्रमाणपत्र) मागितलं, सर्टिफिकेशन कंपनीने डाइंगची चलनं मागितली, आणि टीसी काही निघाली नाही. एजंट म्हणाला, लेबलं काढा.

टॉवेलचं लेबल काठाच्या दुमडीत, शिलाईत धरलेलं असतं. कात्रीने कापलं तर पांढरा तुकडा आत राहतो, तो त्याला चालेना. म्हणजे टाके उसवायचे. टर्किशच्या कापडात टोकदार काही लुपात अडकलं की धागा सरसर ओढला जातो. फिनिशिंगच्या मावशी मांडीवर टॉवेल घेऊन ट्यूबलाइटखाली एकेक टाका उचलत बसल्या. परत शिवल्यावर काठाला सुईच्या भोकांची दुसरी रांग दिसली की तो पीस सेकंडमध्ये. उरलेला माल साधा कॉटन म्हणून पडत्या भावात गेला. मावशींच्या ओव्हरटाइमवरूनही नंतर कुरकुर झाली, आणि आम्ही निघालो होतो कामगारांचे निकष पाळल्याचं लेबल लावायला! छोटे मालक पुढे सगळ्यांना सांगत होते की कागदी घोडे नाचवणाऱ्यांमुळे ऑर्डर गेली. ते घोडे नाचवणारा म्हणजे मी.

त्यांचा दुसरा आवडता मुद्दा होता, "आपल्याकडचं ऑरगॅनिक कागदावरच पिकतं." याला आधार नाही असं नाही. २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच जाहीर केलं की भारतातल्या २०,००० टन कापसाची प्रमाणपत्रं बनावट निघाली. त्यांवरचे क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेत होते. ११ कंपन्यांवर बंदी आली. पण म्हणून कागद बघूच नयेत हे कुठलं तर्कशास्त्र? अशा घोटाळ्यात मरतो तो निमाडातला नाहीतर विदर्भातला शेतकरी. बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, ऑरगॅनिकमध्ये चालत नाही, आणि ते सगळीकडे पसरल्यावर बिगर-बीटी बियाणं मिळवतानाच त्याच्या नाकी नऊ येतात. वर रूपांतराची दोन वर्षं रासायनिक फवारणीशिवाय काढायची, आणि त्या काळातला कापूस ऑरगॅनिक म्हणून विकताही येत नाही. त्याला मिळायचा जादा भाव खोट्या कागदवाल्याने खाल्ला.

असो. तुमची साखळी पुण्याच्या शिलाईपाशी तुटते, कारण तो टप्पा प्रमाणित नाही. "गॉट्स-प्रमाणित कापडापासून बनवलेले" असं लिहिण्याची पळवाट तुम्हाला कोणीतरी सुचवेलच, तीही नियमात बंद आहे. तयार माल प्रमाणित नसेल तर टॅगवर गॉट्सचं नावच घ्यायचं नाही. सोपा मार्ग म्हणजे शिलाई, पॅकिंग, लेबल सगळं तिरुपूरच्या प्रमाणित युनिटकडूनच करून घ्या. माल तयार होऊन आला आणि तुम्ही तो तसाच थेट ग्राहकाला विकला तर तुम्हाला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. लेबलवर त्या युनिटचा परवाना क्रमांक, सर्टिफिकेशन कंपनीचं नाव आणि दर्जा येतो. ९५ टक्के किंवा जास्त ऑरगॅनिक धागा असेल तर एक दर्जा, किमान ७० टक्के असेल तर खालचा. डिझाइन छापण्याआधी सर्टिफिकेशन कंपनीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. पुण्यातच शिवायचं असेल तर स्वतः प्रमाणपत्र घ्या आणि शिलाई युनिटला जॉबवर्कर म्हणून त्यात घाला, तपासणी त्यांचीही होईल.

ओसीएस (ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड) हे दुसरं मानक, त्याचं लेबल फक्त ऑरगॅनिक धाग्याचं प्रमाण आणि तो कुठून कुठे गेला हे बघतं, रसायनं नाही. साखळी मात्र तिथेही अखंडच लागते. आणि बेटर कॉटन हे आणखी एक लेबल, पण ते म्हणजे ऑरगॅनिक नव्हे, त्यात बीटी चालतं. त्यांच्या जुन्या मास बॅलन्स पद्धतीत, म्हणजे नुसता वजनाचा हिशेब जुळवायच्या पद्धतीत, तर लेबल असलेल्या शर्टात तो कापूस नसला तरी चालत होतं. हे मला कधीच पटलं नाही.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी एक्स्पोर्टच्या बाजूचा माणूस. मानकांच्या आवृत्त्या बदलत राहतात, तेव्हा छापण्याआधी चालू आवृत्ती बघा. दुसरं, प्रमाणपत्राची फी लहान ब्रँडला जड जाते, हे खरंच आहे. नुसतं "ऑरगॅनिक कॉटन" लिहायचं ठरवलंत तरी पुरावा फायलीत ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्धची, मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, आणि "दुकान लहान आहे, कोण विचारतंय" ही सबब त्यात चालणार नाही.

पुरवठादाराने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं असेल ते बहुधा स्कोप सर्टिफिकेट. त्यावरून एवढंच कळतं की त्याच्या युनिटला हे काम करायची परवानगी आहे. तुम्हाला आलेल्या थानात काय आहे ते त्यावरून कळत नाही. त्याला तुमच्या लॉटची टीसी मागा, आणि त्याचा परवाना क्रमांक गॉट्सच्या संकेतस्थळावर स्वतः टाइप करून तपासा, त्याने पाठवलेल्या लिंकवरून नाही.