जुन्या कौलारू घराची डागडुजी की नवा फ्लॅट? शिडी कोण चढणार ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई-बाबा गुहागर तालुक्यातल्या कौलारू घरात, दोघांचीही सत्तरी उलटलेली, तुम्ही पुण्यात. चिपळूणला नवीन फ्लॅट बघताय आणि बाबांचं म्हणणं, तेवढ्या पैशात आहे तेच घर नीट करून घेऊ. शिवाय तुम्हाला शंका आहे की ‘लो मेंटेनन्स’ हे बिल्डरने जाहिरातीत छापलेलं नुसतं नाव आहे की खरंच काही फरक पडतो. फरक पडतो. मी हे सगळं 2020-21 मध्ये माझ्या आई-बाबांसाठी केलंय, आणि ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद नऊ वर्षं सांभाळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर दापोली तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मागे विहीर. बाबांची लाल पुठ्ठ्याची एक वही आहे, तिच्यात घरावर झालेला खर्च तारखेनिशी लिहिलेला. एप्रिल-मेची कुठल्याही वर्षाची पानं उघडा, तेच ते: कौलं परतली, फुटकी बदलली, रिपा बदलल्या, वाळवी लागलेला एक वासा काढला, पडवीला झडीसाठी ताडपत्री बांधली, ढासळलेला गडगा रचून घेतला. एका पानावर ‘कौले 150, गडी 3, दिवस 4’ आणि बाजूला समासात फक्त ‘माकडे’. तुमच्याकडेही हा त्रास असणारच, एक टोळी छपरावरून गेली की आठ-दहा कौलं सरकतात, दोन-चार फुटतात.

मी ती वही घेऊन बेरजा करत बसलो तेव्हा आकडा मला वाटला होता त्यापेक्षा कमी निघाला. म्हणून नुसत्या पैशांच्या हिशोबावर तुम्ही बाबांना पटवू शकणार नाही, हे आधीच सांगतो. त्या वहीत जे लिहिलेलं नव्हतं ते महत्त्वाचं. मे महिन्यात आमच्याकडे माणूस मिळत नाही, सगळे आंब्याच्या कामावर. मग पहिला मोठा पाऊस आला की माजघरात कुठेतरी थेंब पडायला लागतो, आणि 74 वर्षांचे बाबा रात्री एका हातात बॅटरी घेऊन माळ्यावर चढतात, वाकून कौलाखाली पत्र्याचा तुकडा सरकवतात. आई खाली शिडी धरून उभी, तिचे गुडघे आधीच गेलेले. मला हे कधी फोनवर सांगितलं नाही. एकदा जुलैत न कळवता गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी प्रश्न एकच राहिला: पुढच्या दहा वर्षांत ही शिडी कोण चढणार?

मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. पडवीचं छप्पर गेलं, पोफळी आडव्या झाल्या, निम्म्या घरावर कौल राहिलं नाही. मी ठाण्यात, लॉकडाऊन, चार दिवस फोन लागला नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या एकाने रेंज मिळाली तिथे जाऊन मला फोन केला, दोघं सुखरूप आहेत म्हणून. त्या महिन्यात सगळ्या तालुक्याला एकाच वेळी कौलं, पत्रे आणि कामाला माणसं हवी होती. पाऊस तर दारात. आम्ही ताडपत्री टाकून तो पावसाळा काढला आणि 2021 च्या मार्चमध्ये दापोलीत नव्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आई-बाबांना आणलं.

त्या जूनमध्ये पहिला मुसळधार पाऊस झाला तेव्हा सवयीने सकाळी सहाला फोन केला, कुठे गळलं का विचारायला. आई झोपेतून उठून बोलत होती. म्हणाली, रात्री पाऊस पडला का? मी कोकणात जन्मलोय. माझी आई पावसाळ्यात रात्रभर झोपली हे मला पहिल्यांदा कळलं.

आता मुद्द्याचं. देखभाल कमी लागणारं घर ही स्वयंपाकघरातल्या चकचकीत ओट्यावर ठरणारी गोष्ट नाही. भिंतीत, लादीखाली आणि गच्चीवर जे गाडलं गेलंय त्यावर ते ठरतं, आणि ते एकदा गाडल्यावर तोडफोड केल्याशिवाय बदलता येत नाही. नवीन घराचा सगळ्यात मोठा फायदा हाच की हे सगळं आजच्या सामानाचं असतं. आमच्या ठाण्याच्या इमारतीत लोखंडी जीआयचे पाइप होते. चोवीस वर्षांत ते आतून गंजून एवढे अरुंद झाले की नळाला करंगळीएवढी धार यायची. सगळे पाइप बदलताना प्रत्येक घराच्या बाथरूमच्या भिंती फोडल्या. आता सीपीव्हीसीचे, म्हणजे टणक प्लास्टिकचे पाइप घालतात, ते गंजत नाहीत. बाथरूमच्या दाराला लाकडी चौकटीऐवजी ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचं दार, म्हणजे ना फुगणं ना वाळवी. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, तिला पॉलिश करावं लागत नाही.

समुद्राजवळच्या भागात लोखंडाकडे खास लक्ष द्या. गॅलरीचं रेलिंग आणि खिडक्यांच्या जाळ्या साध्या लोखंडाच्या असतील तर दर वर्षी-दोन वर्षांनी घासून रंग लावायचं काम आलंच. खाऱ्या हवेत साधं स्टीलसुद्धा डाग धरतं. ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या खिडक्या असतील तर ती कटकट मिटते. पण त्या नीट बसवल्यात का ते बघायला एक मग पाणी पुरतं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी ओता. ते भोकांतून बाहेर गेलं पाहिजे. आत उलटलं तर नैऋत्येकडची झड सुरू झाल्यावर तुमच्या हॉलमध्ये तळं होणार. सिलच्या, म्हणजे खिडकीच्या खाली बसवलेल्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि खालून पाणी तोडणारी खाच हवी. ती नसेल तर पाणी दगडाखालून भिंतीत परत येतं. ही खाच बोटाने चाचपून बघा, आमच्याकडे पाचपैकी दोन खिडक्यांना नव्हती. ताबा घ्यायच्या आधी ती पाडून घेतली.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी एकदम ओता आणि ते सगळं नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निघून जायच्या जाळीकडे जातंय का पाहा. कोपऱ्यात साठलं तर लादीचा उतार चुकलाय. जमलं तर तुमच्या वरच्या मजल्याचं बाथरूम वापरात असताना तुमच्या बाथरूमचं छत पाहा, तिथे ओल दिसली तर वॉटरप्रूफिंगचं काय ते कळलं. ड्रेनेजचे पाइप बाहेरच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) असावेत आणि त्या डक्टमध्ये माणूस शिरून काम करू शकेल एवढी जागा असावी.

मजला मधला घ्या. सगळ्यात वरच्या मजल्याला गच्चीची गळती आणि उन्हाचा ताप, तळमजल्याला ओल. गच्चीवर पत्र्याची उतरती शेड घातली असेल तर कोकणात ती मोठी सोय आहे, स्लॅबवर पाणी थेट पडतच नाही. लिफ्ट असेलच, वीज गेली की ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का, हे विचारा. तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे.

एक फरक मात्र मनात पक्का ठेवा. कमी देखभालीचं घर वेगळं आणि भरपूर सोयीसुविधांचं घर वेगळं. पोहण्याचा तलाव, कारंजं, दर्शनी भागाला काच, जिम, हे सगळं कुणीतरी रोज पुसायचं आणि दुरुस्त करायचं असतं आणि ते पैसे तुमच्या मासिक बिलात येतात. आई-बाबांना त्यातलं काही लागत नाही. वीस-पंचवीस घरांची साधी, घट्ट इमारत बघा.

कायद्याचा आधार हा नव्या घराचा दुसरा फायदा, पण तो वापरता आला पाहिजे. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा स्थावर मालमत्ता कायदा. त्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी सांगू नका. तारखेसह फोटो, लेखी पत्र, पोच. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. फोनवर तीन आठवडे ‘माणूस पाठवतो’ चाललं होतं, कलमाचा उल्लेख करून पत्र दिल्यावर सहा दिवसांत दुरुस्तीसाठी परांची बांधली गेली. आता लहान गावांतली अडचण: भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. अशा इमारती आपल्याकडे खूप आहेत. तिथे दुरुस्तीची ही हमी नोंदणीकृत करारनाम्यात शब्दांत लिहून घ्या.

बांधून पूर्ण झालेलं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं घर घ्या, असं माझं स्पष्ट मत. त्यावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्यावर 5 टक्के लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का. पण कराहूनही मोठं कारण म्हणजे वर लिहिलेल्या सगळ्या परीक्षा तयार घरातच करता येतात.

सोसायटी झाली की पहिल्या सभेत एक वाद होणार, तो आधीच सांगून ठेवतो. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक) आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधी काढायचा असतो. बांधकाम खर्च 20 लाख धरला तर वर्षाला 5,000 आणि 15,000. लोक म्हणतात, इमारत नवी आहे, आत्ता कशाला? आमच्या ठाण्याच्या सोसायटीने पहिली पंधरा वर्षं हेच म्हटलं. पाइप बदलायची वेळ आली तेव्हा तिजोरीत फारसं काही नव्हतं, प्रत्येक घराला एकरकमी सव्वा लाख द्यावे लागले आणि त्यात पेन्शनवर जगणारी पाच घरं होती. त्यांच्या दारात पैसे मागायला मी गेलोय. तेव्हा पहिल्या वर्षापासून निधी काढणारी सोसायटी हवी, असा आग्रह धरा. इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करायची असते, तेही त्यांना सांगा. नव्या घराला देखभाल कमी लागते, लागतच नाही असं होत नाही.

आणि जुनं घर. हे कुणी सांगत नाही, पण बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होतं. चूल पेटली नाही, दारं उघडली नाहीत की वाळवी आणि ओल दोन पावसाळ्यांत घर खातात. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर त्यांच्या संमतीशिवाय सगळं घर विकताही येत नाही. आम्ही मधल्या घरावर कौलांऐवजी पत्रा घातला, पडवी काढून टाकली आणि बागेत काम करणारं एक कुटुंब तिथे राहायला ठेवलं. बाबा पहिले चार महिने रोज सकाळी रिक्षाने तिकडे जायचे. मी अडवलं नाही. आता आठवड्यातून एकदा जातात, आंब्याच्या कलमांखाली फिरतात आणि जेवायला परत येतात. आईला अंगण सुटल्याचं दुःख अजून आहे. आमसुलं वाळवायला जागा नाही, असं ती दर मे महिन्यात म्हणते. म्हणून फ्लॅट घेताना गॅलरी मोठी आणि उन्हाची घ्या, आत एखादी खोली लहान असली तरी चालेल, आणि तुळस तिथे पहिल्या दिवशी लावा.

बाबा त्या लाल वहीत अजूनही लिहितात. 2022 च्या पानावर मे महिन्यात एकच नोंद आहे: ‘नळाचा वॉशर, 20 रु.’ तुमच्या बाबांना आकडे दाखवायचेच असतील तर त्यांच्याकडेही अशी वही असेल, ती एकत्र बसून वाचा, आणि प्रत्येक नोंदीपुढे वर कोण चढलं होतं ते त्यांनाच विचारा.

चिपळूणबद्दल एवढंच. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात किती चढलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बघताय त्या इमारतीच्या आजूबाजूच्या दुकानदारांना त्या दिवशी पाणी कुठपर्यंत होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. मग इमारतीत जा आणि विजेच्या मीटरची खोली, पाण्याचा पंप, जनरेटर आणि लिफ्टचं यंत्र त्या खुणेच्या वर आहे की खाली, ते पाहा. खाली असेल तर तुमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर असला तरी आई-बाबा तिथे वीज-पाण्याविना अडकतील. पुराचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या नकाशात तो भूखंड कुठे येतो, तेही नगरपरिषदेत जाऊन बघून घ्या. दिवाळीपर्यंत थांबू नका. आत्ता पाऊस चालू आहे, चांगला झोडपत असेल असा दिवस धरा, बाबांना बरोबर घ्या आणि एक मग व एक बादली घेऊन जा.