झडप बंद, तरी रेटा

मागच्या अंकात अवकाशयानाच्या इंधनाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा: मागे काहीही न फेकता यान पुढे जाऊ शकेल का? उत्तरं देणारी मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्म बलं मोजणारे तराजू सांभाळले. त्यामुळे उत्तरांत तराजूच जास्त दिसेल, त्याला इलाज नाही.

“२०१६ साली ‘एमड्राइव्ह’ची केवढी चर्चा होती. नासाच्या प्रयोगशाळेनेच रेटा मोजला, असं छापून आलं. पुढे सगळे गप्प का? हे दाबून टाकलं असेल का?” (एक यंत्र अभियंता)

आधी ते यंत्र काय होतं ते सांगते, कारण बऱ्याच पत्रांत ते वेगवेगळं लिहिलंय. ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांची ती कल्पना. तांब्याचा बंद डबा, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. आत मायक्रोवेव्ह सोडायच्या. त्यांचं म्हणणं असं की, रुंद टोकावर लहरींचा दाब जास्त पडतो म्हणून डबा सरकतो. बाहेर काही पडत नाही, टाकी नाही, धूर नाही. आपल्या जुन्या दर्शनग्रंथांत एक दृष्टान्त येतो: नट कितीही तरबेज असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. शॉयर यांचा डबा नेमका तेच करू पाहत होता.

तरीही लोक का भुलले, हे समजून घ्यायला हवं, कारण ते मूर्ख नव्हते. साडेचार किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने वायू मागे सोडणारं यान घ्या. यानाला तेवढाच वेग हवा असेल तर निघतानाच्या एकूण वजनातलं ६३ टक्के वजन इंधनाचं लागतं. दुप्पट वेगाला ८६ टक्के. तिप्पट हवा असेल तर ९५. बाकीच्या ५ टक्क्यांत इंजिन, टाक्या, यंत्रं आणि असलीच तर माणसं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली हे समीकरण छापलं आणि तेव्हापासून प्रत्येक यान त्याचं ओझं वाहतंय. टाकीच नको असं कुणी म्हटलं की कान टवकारणारच.

नासाच्या हॅरोल्ड व्हाइट यांच्या गटाने निर्वात टाकीत चाचणी घेऊन जो आकडा दिला तो किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक; १.२ मिलिन्यूटन म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम वजनाएवढं बल). प्रत्यक्षात डब्यात सोडलेली शक्ती होती ४० ते ८० वॅट, म्हणजे मोजलेला रेटा फार तर सुमारे दहा मिलिग्रॅम वजनाएवढा. इथे माझ्यासारखीची भुवई वर जाते. दावा अशक्य वाटला म्हणून नाही, तर दहा मिलिग्रॅमच्या वाटेवर किती चोर दबा धरून बसलेले असतात ते मी पाहिलंय म्हणून.

आमच्याकडे उपग्रहाची दिशा सांभाळणाऱ्या बारीक वायुझोतांचा रेटा मोजत. निर्वात टाकीत तारेला आडवी दांडी टांगलेली, तिच्या टोकाला झोतनळी, मध्ये आरसा, आणि आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर. एकदा झोत सोडला, ठिपका सरकला, मी आकडा वहीत उतरवला. पुन्हा केलं, पुन्हा तोच. तिसऱ्यांदाही जवळपास तोच. आम्ही खूश. टाकी उघडल्यावर कळलं की वायूच्या बाटलीची मुख्य झडप सकाळपासून बंदच होती. वायूचा एक कणही आत गेला नव्हता! कारण सापडायला नऊ दिवस लागले. झोताची छोटी विद्युत झडप चालू झाली की तिच्या तारांतून प्रवाह जाई, त्या तारांचं एक सैल वेटोळं पडलेलं होतं, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्याला ढकलत होतं. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून बांधली, ठिपका जागचा हलेना. वहीतलं ते पान मी फाडलं नाही.

आता जर्मनीतल्या ड्रेस्डेनला चला. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या गटाने एमड्राइव्ह नव्याने बांधला. २०१८ साली त्यांनी सांगितलं की, डब्यात जाणारी शक्ती वाटेतच जवळजवळ संपवून टाकली तरी रेटा दिसतो. डब्याचं तोंड फिरवलं तरी त्याची दिशा जशी बदलायला हवी तशी बदलत नाही. संशय तारांवर आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर. ते वाचून मी एकटीच हसले. पुढे त्यांनी तराजू सुधारला, डबा टांगायची पद्धत बदलली, आणि २०२१ पर्यंत रेटा पूर्ण नाहीसा झाला. डबा तापतो, प्रसरण पावतो, तोल किंचित ढळतो, आणि तराजूला तो रेटा वाटतो. चीनमध्ये शीआनच्या गटाने तर आधी ७२० मिलिन्यूटन मोजले होते. बॅटरी उपकरणातच बसवून बाहेरच्या तारा काढल्यावर त्यांचाही रेटा गेला.

म्हणून “दाबून टाकलं” हे मला पटत नाही. तीन देशांत सरकारी आणि विद्यापीठांच्या पैशांतून यंत्रं बांधली गेली, व्हाइट यांचा निबंध तज्ज्ञांनी तपासून रीतसर छापला. गप्प झाले कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही. “रेटा नाही” ही बातमी होत नाही, एवढाच दोष.

“संवेग अक्षय्यतेचा नियम चुकीचा असू शकत नाही का? न्यूटनचे नियम आइन्स्टाइनने बदललेच की. शिक्षक म्हणाले, असले प्रश्न विचारू नकोस.” (अकरावीची विद्यार्थिनी)

विचार, जरूर विचार. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; बाहेरून कुणी ढकललं नाही तर एकूण संवेग बदलत नाही, हा तो नियम. मागे काही न फेकता पुढे जाणारा डबा तोच मोडतो. पण नियम मोडायचा तर त्याच्यासोबत काय काय मोडतं तेही पाहावं लागतं. एक गणित स्वतः करून बघ. समज, यंत्र किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा देतं, वेग कितीही असो. दर सेकंदाला यानाला मिळणारी गतिज ऊर्जा म्हणजे रेटा गुणिले वेग. मग १००० भागिले ०.००१२ कर. उत्तर येतं सुमारे ८३३ किलोमीटर प्रतिसेकंद. त्याहून जास्त वेग झाला की यान जितकी वीज खातं त्याहून जास्त ऊर्जा कमावू लागतं. म्हणजे ते फुकट वीज बनवणारं यंत्र झालं.

तू म्हणशील, एवढा वेग कधी येणार? खरंय. दहा टनांचं यान आणि १०० किलोवॅट वीज धरली तर वर्षाला जेमतेम ३८० मीटर प्रतिसेकंद इतकाच वेग वाढतो, ८३३ किलोमीटरला बावीसशे वर्षं लागतील. पण वेग कुणाच्या तुलनेत मोजायचा? एखाद्या दूरच्या दीर्घिकेतून पाहणाऱ्याला आपण आत्ताच हजार किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने जाताना दिसतो. त्याच्या हिशेबात आपलं यंत्र बटण दाबताच फुकट ऊर्जा देऊ लागेल. आइन्स्टाइन यांनी न्यूटनचे नियम बदलले तेव्हाही संवेगाचा हिशेब चुकू दिला नव्हता. जर्मन गणिती एमी नोदर यांनी १९१८ साली दाखवलं की निसर्गाचे नियम इथे एक आणि तिथे दुसरे नसतील, तर संवेग टिकलाच पाहिजे. हे जमलं तर बारावीच्या सुट्टीत वाच, आत्ता नको.

आणि हो, विचित्र आकड्यांकडे शास्त्रज्ञ पाठ फिरवतात असंही नाही. १९७२ आणि १९७३ साली निघालेली पायोनियर १० आणि ११ ही यानं हिशेबापेक्षा किंचित जास्त मंदावत होती. फरक किती? एक मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या एक अब्जांशाहूनही कमी. गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा लागेल, असे लेख निघाले. २०१२ पर्यंत उलगडा झाला: यानाच्या वीजपुरवठ्याची आणि आतल्या विद्युत उपकरणांची उष्णता एका बाजूने जास्त बाहेर पडत होती आणि त्या उष्णतेच्या किरणांचाच धक्का यानाला बसत होता. कसलंही इंधन न जाळता बसणारा धक्का, तोही अगदी नियमात! शिक्षकांना हे सांग, पण नम्रपणे.

“मग इंधनाशिवाय काहीच शक्य नाही का?” (पत्र इतकंच)

आहे की. फक्त ढकलायला समोर काहीतरी हवं.

सूर्यप्रकाश आहे. पृथ्वीच्या अंतरावर आरशासारख्या पूर्ण परावर्तक पृष्ठभागावर त्याचा दाब चौरस मीटरमागे सुमारे नऊ मायक्रोन्यूटन. जपानच्या ‘इकारोस’ यानाने २०१० साली चौदा मीटर बाजूचं, ७.५ मायक्रोमीटर जाडीचं चौकोनी शीड उघडलं आणि त्यावर १.१२ मिलिन्यूटन रेटा मोजला गेला. आकडा ओळखीचा वाटतोय? एमड्राइव्हच्या दाव्यातल्या एका किलोवॅटच्या रेट्याएवढाच जवळपास, आणि हा खरा, यानाच्या वाटेवर दिसलेला. २०१९ सालच्या ‘लाइटसेल २’ने बत्तीस चौरस मीटरच्या शिडावर स्वतःची कक्षा उंचावून दाखवली. ते इतकं खाली होतं की शेवटी विरळ हवेनेच त्याला २०२२ मध्ये खेचून आणलं. २०२४ साली नासाने ऐंशी चौरस मीटरचं शीड उघडलं.

प्रकाशाचा हा रेटा उपग्रहवाल्यांना नवा नाही. इन्सॅट १अ या उपग्रहाला एकाच बाजूला सौरपंख होता. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाने उपग्रह वळू नये म्हणून दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला एक छोटं शीड दिलेलं होतं. १९८२ साली ते उघडलंच नाही. तोल राखायला इंधन खर्च होत गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उपग्रह सोडून द्यावा लागला. न उघडलेल्या शिडाने अख्खा उपग्रह नेला. इतका बारीक रेटा, पण तो कधी सुट्टी घेत नाही.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही आहे. लांब तार सोडून तिच्यातून प्रवाह नेला की त्या क्षेत्रावर रेलता येतं (माझ्या वेटोळ्यासारखंच, पण मुद्दाम). १९९६ साली कोलंबिया यानातून अशी तार जवळजवळ वीस किलोमीटर सोडली होती, ती मध्येच तुटली. पण तुटायच्या आधी तिच्यात साडेतीन हजार व्होल्ट निर्माण झाले होते. आणि ग्रह तर आहेतच: मरिनर १० हे यान शुक्राजवळून वळण घेऊन बुधाकडे गेलं ते १९७४ साली. सूर्याकडे आत जायचं म्हणून यानाने आपला थोडा वेग शुक्राला दिला, शुक्राला पत्ताही लागला नसेल.

“तुम्ही स्वतः कधी आशा धरली होती का? खरं सांगा.” (एक वाचक)

धरली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हाइट यांचा निबंध आला त्या रात्री वर लिहिलेलं तीनशे ऐंशी मीटरचं गणित मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर केलं आणि झोपले नाही. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात एका खासगी कंपनीचं असंच एक यंत्र छोट्या उपग्रहावर बसून खरोखर वर गेलं. तेव्हाही रोज बातमी शोधायचे. यंत्र चालू करायच्या आधीच उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि संपर्क तुटला. पैज लावायची असती तर मी ‘रेटा नाही’ वर लावली असती. पण चाचणी व्हायला हवी होती.

“मी निवृत्त फिटर आहे. फिरत्या वजनांची एक पेटी बनवली आहे. चालू केली की ती जमिनीवर एका दिशेने सरकत जाते, चाकं नाहीत. पेटंट घ्यावं का? मुलगा हसतो.”

दादा, मुलाचं हसणं सोडा, पेटी बनवलीत याचंच मला अप्रूप आहे. पण पेटंटचे पैसे आत्ता खर्चू नका. अमेरिकेत नॉर्मन डीन यांना अशाच यंत्राचं पेटंट १९५९ साली मिळालं होतं. यान काही उडालं नाही. तुमच्या पेटीतली वजनं एका दिशेला झटक्यात जातात आणि परत येताना सावकाश येतात, असंच ना? झटक्याला जमिनीचं घर्षण कमी पडतं, पेटी सरकते. सावकाश ओढीला तेच घर्षण पुरून उरतं, पेटी मागे येत नाही. म्हणजे पेटी जमिनीला ढकलतेय. अंतराळात जमीन नाही.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका, तपासा. बॅटरी पेटीतच बसवा, भिंतीतून वायर नको. छताला दोन मीटरचा दोर बांधून पेटी टांगा, शेजारी ओळंबा सोडा, पंखा बंद ठेवा. पेटी झोके घेईल, घेऊ द्या. वजनांचा फेरा तीन सेकंदांच्या आसपास ठेवू नका, दोन मीटरच्या दोराचा झोका साधारण तेवढाच असतो आणि ती उगाच उसळेल. पाच मिनिटं चालवून झोक्याचा मध्य कुठे येतो ते पाहा. पेटी तीन किलोची असेल आणि रेटा दहा ग्रॅम वजनाएवढा जरी असेल, तरी तो मध्य ओळंब्यापासून सुमारे साडेसहा मिलिमीटर दूर राहील. साध्या पट्टीनेही दिसेल. मग पेटी उलट्या तोंडाने टांगून पुन्हा मोजा.

आकडे कळवा. शून्य आलं तरी कळवा, मी या पानावर छापेन.