नॅनोकणांनी कानाच्या आत औषध पोचवून गेलेली श्रवणशक्ती परत येते का?

वडिलांना ऐकण्याचं मशीन आत्ताच घेऊ द्या, नॅनो औषधाची वाट पाहत बसू नका. घाईत असाल तर एवढं पुरे.

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, गेली काही वर्षं ऐकू येणं कमी कमी होत गेलंय, डॉक्टरांनी ‘नसेचा बहिरेपणा आहे, औषध नाही, मशीन लावा’ असं सांगितलंय. वडील मात्र म्हणतात, नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, थेट कानात औषध सोडायचं तंत्र येतंय, थोडं थांबू. त्यांनी वाचलं ते खोटं नाही. औषध वाहून नेणारे कण बनवणं हे माझं प्रयोगशाळेतलं रोजचं काम आहे (कानाची डॉक्टर नाही मी), त्यामुळे अशा बातम्यांत काय सांगायचं राहून जातं ते सांगते.

आतल्या कानातली कॉक्लिया म्हणजे अडीच वेढे घेतलेली नळी. सरळ केली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. ती कवटीतल्या सर्वांत टणक हाडात बसलेली असते आणि आतल्या कानातला सगळा द्रव मोजक्या थेंबांत मावेल. तिथल्या साधारण १५ हजार केशपेशी आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. गोळी घेतली, सलाइनमधून औषध दिलं, तरी रक्तातून इथे फार थोडं पोचतं, कारण मेंदूभोवती असतो तसाच एक अडसर इथेही आहे. आतल्या कानात पुरेसं औषध जावं म्हणून रक्तातला डोस वाढवत नेला, तर त्याचा त्रास बाकीच्या शरीराला होतो.

म्हणून डॉक्टर दुसरी वाट धरतात. कानाच्या पडद्यातून बारीक सुई घालून मधल्या कानात अर्धा मिलिलिटरच्या आसपास औषध सोडतात, बहुतेकदा स्टेरॉइड. रुग्णाला तो कान वर करून झोपवतात आणि वीस-तीस मिनिटं बोलू नका, गिळू नका असं बजावतात. कारण गिळलं की घशाकडे जाणारी नळी उघडते आणि औषध खाली उतरतं. पुष्कळांना घशाशी कडू लागतं ते यामुळेच. उरलेलं औषध गोल खिडकीच्या (मधल्या आणि आतल्या कानामधलं बारीक छिद्र) पडद्यातून झिरपून आत गेलं तर गेलं. हा पडदा तीन थरांचा, साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो.

नॅनोकणांची गरज पडते ती इथे. औषध कणांत बांधलं, ते कण जेलमध्ये मिसळून पडद्याशी चिकटवून ठेवले, तर औषध घशात न जाता दिवसेंदिवस हळूहळू आत जात राहावं, ही कल्पना. पोलोक्सॅमर नावाचा पदार्थ यासाठी फार सोयीचा: थंड असताना पातळ, शरीराच्या उष्णतेला घट्ट. कणांसाठी बरेचदा पीएलजीए वापरतात, विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या जातीचाच पॉलिमर. तो औषधासकट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचा आणि ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचा. पाणी निळसर दुधाळ दिसायला लागलं की समजायचं, कण तयार झाले. बघायला छानच वाटतं. पण पहिल्याच दिवशी औषधाचा मोठा हिस्सा कणांतून बाहेर येऊन मोकळा होतो, आणि आम्हा लोकांचं निम्मं डोकं ही सुरुवातीची गळती थांबवण्यात खर्च होतं. कण फार मोठे झाले तर पडद्यातून शिरत नाहीत. फार लहान केले तर त्यांत औषध मावत नाही. कणांवरचा विद्युतप्रभार धन ठेवला तर पेशींना नीट चिकटतात, पण तोच प्रभार जास्त झाला तर पेशींना मारतो.

आणि हे सगळं जमून आलं तरी ते जमतं उंदरात किंवा गिनीपिगमध्ये. त्यांचा गोल खिडकीचा पडदा आपल्यापेक्षा कितीतरी पातळ आणि कॉक्लिया बरीच आखूड. आतला द्रव जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे औषध पुढे सरकतं ते फक्त विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, आणि अशा पसरण्यात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. खिडकीजवळचा भाग उंच पट्टीचे आवाज ऐकतो, टोकाचा भाग खालच्या पट्टीचे. बोलणं समजायला लागणाऱ्या पट्ट्यांचा बराच भाग आत लांबवर आहे. उंदरात पूर्ण लांबीभर पसरलेलं औषध माणसात पहिल्याच वेढ्यात राहतं. ‘नॅनोकणांनी कानाचा अडसर ओलांडला’ असा मथळा दिसला की मी सगळ्यात आधी प्राणी कोणता ते बघते.

पण तुमच्या वडिलांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. कण हे फक्त वाहन. आत काय भरलंय, आणि पोचल्यावर तिथे वाचवायला काही उरलंय का, यावर सगळं ठरतं. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, आपल्यात नाही. त्या उगवाव्यात म्हणून फ्रिक्वेन्सी थेरप्युटिक्स या अमेरिकन कंपनीचं एफएक्स-३२२ नावाचं औषध जेलमधून मधल्या कानात देऊन पाहिलं. सुरुवातीला आशा वाटत होती, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा शब्द ओळखण्यात खोट्या औषधापेक्षा काहीच फरक दिसला नाही. कंपनीने ते काम थांबवलं. वयाने किंवा मोठ्या आवाजाने हळूहळू गेलेलं ऐकू येणं परत आणणारं, नॅनोकणांतलं किंवा दुसरं कसलंही, मंजूर औषध नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट ओटोफर्लिनची. काही बाळांमध्ये या एका प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं; केशपेशी जिवंत, जागच्या जागी, फक्त मज्जातंतूला संदेश देता येत नाही. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा मुलांवरच्या उपचाराची माहिती दिली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून नीट जनुक गोल खिडकीतून आत सोडलं आणि सहापैकी पाच मुलांना ऐकू यायला लागलं. जनुक एका विषाणूत मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंत भरलं. हा विषाणू साधारण २५ नॅनोमीटरचा, म्हणजे एका अर्थी निसर्गाने बनवलेला नॅनोकणच (आमच्यापेक्षा नीटनेटका, हे कबूल करावं लागतं). पण तो यशस्वी झाला कारण पेशी जिवंत होत्या.

मग माझ्या मते नॅनोकणांचा पहिला खरा उपयोग कुठे होईल? जिथे नुकसान अजून व्हायचंय किंवा नुकतंच झालंय, तिथे. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध केशपेशी मारतं. लहान मुलांमध्ये ते टाळायला सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, अमेरिकेत २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण ते सिस्प्लॅटिनलाच निकामी करू शकतं, म्हणून काही तासांनी द्यावं लागतं. असं संरक्षक औषध फक्त कानातच राहिलं तर ही कसरतच नको. तसंच कॉक्लियर इम्प्लांट (कॉक्लियात बसवायचं विजेवर चालणारं ऐकण्याचं उपकरण) बसवताना होणारी सूज रोखायला.

आणि अचानक गेलेलं ऐकू येणं. हे वडिलांचं नाही, पण घरात कुणालाही होऊ शकतं, म्हणून सांगते: तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकू येणं झपकन कमी झालं, तर मळ असेल म्हणून आठवडे घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. स्टेरॉइडचा फायदा झालाच तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्याने होतो.

‘नॅनो ड्रॉप्स’ कुणी विकत असेल तर एक पैसा देऊ नका. कानात टाकलेले थेंब शाबूत पडद्यापाशीच अडतात, त्यापुढे मधला कान, मग गोल खिडकी, मग कॉक्लिया.

वडिलांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, घरात असेलच. त्यात हवेतून आणि हाडातून ऐकण्याच्या दोन रेषा असतात. दोन्ही सोबतच खाली गेल्या असतील तर नसेचं, म्हणजे आतल्या कानाचं, निदान बरोबर आहे. दोन्हींत ठळक अंतर असेल तर मधल्या कानातही काहीतरी आहे आणि त्याचा इलाज होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना ते दाखवून विचारा. शब्द ओळखण्याची चाचणी झाली नसेल तर करून घ्या. मशीनचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज तिच्यावरून येतो आणि ते लावून पाहायला वडिलांना तयार करणंही सोपं जातं.