जुन्या परीकथा, नवे लेखन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिमगौरीच्या गोष्टीवर मी एक दीर्घकथा लिहीत आहे. ती सावत्र आईच्या तोंडून सांगितली आहे. आमच्या लेखक-मंडळात वाचून दाखवली, तेव्हा एका मैत्रिणीने ‘जुनीच गोष्ट नुसती उलटी केली आहे’ असा शेरा मारला. तो मला लागला, पण नेमके काय बिघडले आहे ते उमगत नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मैत्रिणीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. खलनायिकेच्या बाजूने गोष्ट सांगण्याची रीत आता इतकी रुळली आहे, की राणी मुळात वाईट नव्हती, तिच्यावरच अन्याय झाला होता आणि मुलगी दिसते तितकी भोळी नव्हती, हे सारे वाचक पहिल्या पानावरच ताडतो. मग लेखकाने जणू आरोपीचे वकीलपत्र घेतले आहे असे वाटू लागते आणि कथेत शोधण्यासारखे काही उरत नाही. बाजू बदलली तरी घटना त्याच क्रमाने, त्याच वजनाने येत राहिल्या, तर ती जुनीच गोष्ट राहते.

यावर माझी सूचना अशी, की आपण कोणत्या हिमगौरीवर लिहीत आहात ते आधी ठरवावे. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात डिस्नेचा १९३७चा चित्रपट असतो. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला, आणि त्यात सावत्र आई मुळी नाहीच. खिडकीच्या काळ्या चौकटीशी शिवत बसलेली, बोटात सुई टोचल्यावर बर्फावर पडलेले रक्त पाहून ‘अशी गोरी, अशी लाल, अशी काळी मुलगी मला व्हावी’ असे म्हणणारी राणी आणि सात वर्षांनी शिकाऱ्याला त्याच मुलीचे काळीज आणायला सांगणारी राणी या दोन बायका नसून एकच बाई आहे. ग्रिम बंधूंनी १८१९च्या आवृत्तीत सख्ख्या आईला बाळंतपणातच मारले आणि तिच्या जागी सावत्र आई आणून बसवली. ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मध्येही त्यांनी पुढे हाच उपाय केला. आईची प्रतिमा जपण्यासाठी केलेला हा बदल मला समजतो. पण नव्या लेखकाला हवी ती ठिणगी नेमकी त्याच जागी विझवली गेली आहे. आपल्या कथेतला ‘सावत्र’ हा शब्द काढून पाहावा. नवसाने मागितलेल्या मुलीचा मत्सर करणाऱ्या बाईचे वकीलपत्र कोणालाही सहजासहजी घेता येणार नाही, आणि म्हणूनच तिला स्वतःच्या तोंडाने बोलावे लागेल.

आणखी एक जागा आहे. सावत्र आईच्या या नंतरच्या पाठात राजा दुसरे लग्न करतो आणि गोष्टीतून नाहीसा होतो. मुलगी रानात सोडली जाते, काळीज म्हणून रानडुकराच्या पिल्लाचे अवयव मीठ घालून शिजतात, राणी ते खाते, आणि या सगळ्यात त्याच वाड्यात राहणारा बाप कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. शेवटाकडेही पाहावे. हिमगौरीच्या लग्नात लोखंडी सपाता निखाऱ्यांवर तापत ठेवलेल्या असतात, त्या चिमट्याने धरून राणीपुढे आणल्या जातात आणि त्या घालून तिला मरेपर्यंत नाचावे लागते. सपाता तापवण्याची आज्ञा कोणी दिली, हे मूळ मजकुरात सांगितलेले नाही. त्या मांडवात नवरी काय पाहत होती, एवढ्यावर एक कथा उभी राहू शकते. आणि त्यासाठी कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही.

प्रश्न : मूळ गोष्टी बदलणे हा त्या गोष्टींचा अपमान नव्हे काय? मुलांना अस्सल गोष्टीच सांगायला हव्यात, असे शिक्षक म्हणून मला वाटते. – एक निवृत्त शिक्षक, अमरावती

उत्तर : आपली तळमळ पोहोचली, परंतु अस्सल कोणती मानायची? लाल टोपीवालीची गोष्ट फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ साली छापली, तेव्हा लांडगा आजीला खातो, नातीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. गोडबोले लांडगेच सर्वांत घातक, असे तात्पर्य तेवढे खाली पद्यात दिलेले आहे. शिकारी येऊन लांडग्याचे पोट फाडतो, दोघींना जिवंत बाहेर काढतो आणि पोटात दगड भरले जातात, हा भाग ग्रिम बंधूंच्या पुस्तकातला, म्हणजे शतकाहून अधिक काळानंतरचा. त्यांना ही गोष्ट कासेलच्या ज्या घरातून मिळाली, त्या घराची आई ह्यूगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, वंशाची होती. तेव्हा ‘जर्मन लोककथा’ या शिक्क्यावरही फार विसंबून चालत नाही.

याउलट फ्रान्सच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात तोंडी चालत आलेला जो पाठ टिपला गेला, त्यात टोपीही नाही आणि शिकारीही नाही. त्यात ती पोर बाहेर जाऊन येते अशी सबब सांगते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधतो. ती अंगणात जाऊन दोरी झाडाला बांधते आणि घर गाठते. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’मधली म्हातारी वाघोबाला ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असे सांगून सुटते, तिच्या जातकुळीची ही मुलगी आहे. इंग्रजी लेखिका अँजेला कार्टर यांनी १९७९च्या आपल्या संग्रहात लांडग्याला न घाबरणारी, त्याच्या तोंडावर हसणारी मुलगी आणली, तेव्हा पुष्कळांना तो उद्दामपणा वाटला. पण स्वतःच्या अकलेवर निभावून नेणारी मुलगी या गोष्टीला परकी नव्हतीच. सांगणाऱ्या प्रत्येकाने गोष्ट बदललेली आहे. वर्गात आपण पेरो, ग्रिम आणि हा तोंडी पाठ असे तिन्ही शेवट लागोपाठ सांगून पाहावेत. मुले आपापला पक्ष घेतात आणि तास कमी पडतो.

प्रश्न : या गोष्टी वापरायला कोणाची परवानगी लागते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मूळ गोष्टींना लागत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. पेरो, ग्रिम बंधू आणि अँडरसन यांच्या बाबतीत ती मुदत केव्हाच संपली आहे. मात्र अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, त्यामुळे अलीकडच्या मराठी अनुवादातली वाक्ये उचलू नयेत. चित्रपटांनी घातलेली भर ओळखायला शिकावे. ग्रिम यांच्या सात बुटक्यांना नावे नाहीत. ती चित्रपटाने दिली. त्या नावांच्या आणि रूपांच्या वाटेला न जाणे बरे, कायद्यापेक्षाही आपल्या कथेच्या हितासाठी.

प्रश्न : मी ‘रापुंझेल’ मुंबईतल्या बहुमजली इमारतीत आणली आहे. चाळिसावा मजला, बंद पडलेली लिफ्ट, खिडकीत बसलेली मुलगी, असे चित्र आहे. तरीही कथा मराठी वाटत नाही. आणखी काय बदलावे? – एक वाचक, सध्या मुक्काम दुबई

उत्तर : लांब केसांची रापुंझेल ज्यात कोंडलेली असते तो मनोरा बदलून झाला, पण या गोष्टीची सुरुवात मनोऱ्यापाशी होत नाही. ती एका गरोदर बाईच्या डोहाळ्यांपासून होते, आणि डोहाळे पुरवणे म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. शेजारच्या चेटकिणीच्या बागेतली पालेभाजी तिला हवी असते. ती मिळाली नाही तर मी मरेन, असे ती म्हणते. नवरा भिंत चढून एकदा भाजी आणतो. दुसऱ्या दिवशी तिला तिप्पट खावीशी वाटते, तो पुन्हा जातो आणि पकडला जातो. जीव वाचवण्यासाठी तो होणारे मूल देऊन टाकतो. बायकोला विचारायला तो घरी येत नाही. मूल जन्मते, चेटकीण त्याला त्या भाजीचेच नाव ठेवून घेऊन जाते, आणि आईबाप जे कथेतून जातात ते पुन्हा येतच नाहीत. बासिले यांच्या १६३४ ते १६३६ या काळात निघालेल्या नेपल्सच्या संग्रहात याच कथेची जुनी बहीण आहे. त्यात तर चोरीला ती गरोदर बाई स्वतःच जाते.

त्या रात्री भाजीची जुडी घेऊन नवरा घरी परतला, तेव्हा त्याने बायकोला काय सांगितले? तिने ती भाजी निवडली, धुतली, खाल्ली, आणि तो समोर बसून पाहत राहिला. ओटीभरणाच्या दिवशी तो काय म्हणाला? गावातल्या बायका डोहाळे विचारत असताना त्याच्या चेहऱ्याकडे कोणाचे लक्ष गेले? कथा मराठी होईल ती या घरात. चाळिसावा मजला आपण पुढे ठेवावा किंवा खुशाल वगळावा.

मनोऱ्यातल्या भागासाठीही एक धागा देतो. १८१२च्या पाठात ‘माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागले?’ असे मुलगी भोळेपणाने विचारते आणि त्यावरून चेटकिणीला तिचे दिवस गेल्याचे कळते. मुलांच्या पुस्तकात हे नको, अशी टीका झाल्यावर पुढच्या आवृत्त्यांत मुलगीच बोलून बसते, की केसांनी वर ओढायला राजपुत्रापेक्षा तुम्हीच जड लागता. म्हणजे एका सोवळेपणापायी एक निरागस मुलगी मूर्ख ठरली. पहिला पाठ घेतला, तर आई आणि मुलगी यांच्या गरोदरपणाची जोडी जुळते, आणि मधल्या पिढीला ओलीस ठेवणारी चेटकीण दोन्ही वेळा तिथेच उभी असते.

प्रश्न : सुरुवात ‘आटपाट नगर होते’ अशी केली तर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ‘आटपाट नगर’ व्रताच्या कहाणीचे आहे. ते शब्द आले की वाचक वशाची वाट पाहू लागतो : कोणीतरी वसा देईल, घेणारी उतेल, मातेल, घेतला वसा टाकेल आणि त्याचे फळ भोगेल. आपल्या कथेत असे काही दिलेले आणि मोडलेले वचन असेल, तर ही सुरुवात फार कामाची आहे. ‘बेडूक राजा’ या कथेत आहे : राजकन्या सोन्याच्या चेंडूसाठी शब्द देते, तो टाळते, बाप तिला तो पाळायला लावतो आणि शेवटी ती बेडकाला भिंतीवर आपटते. ग्रिम यांच्या पाठात चुंबन नाही. तसे वचन नसेल, तर साधे ‘एक राजा होता’ पुरेसे आहे.