पासवर्ड बरोबर असूनही लिनक्स मिंट परत लॉगिनवरच का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या जकार्ड डिझाइनचा कॉम्प्युटर, लिनक्स मिंट, २४० जीबीची एसएसडी. काम चालू असताना प्रोग्राम एकामागून एक बंद पडले. आता पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा पासवर्डच विचारते. आदल्या दिवशी ‘डिस्कवर जागा कमी’ अशी सूचना आली होती. दुरुस्तीवाला म्हणतो ग्राफिक कार्ड गेलं, फॉरमॅट मारू.

फॉरमॅट मारू नका. दुखणं त्या सूचनेतच आहे. लॉगिन होताना होम फोल्डरमध्ये ‘टिंब एक्सऑथॉरिटी’ नावाची इवलीशी फाइल लिहिली जाते. डिस्क भरली की ती लिहिता येत नाही, डेस्कटॉप उभाच राहत नाही आणि लॉगिनची स्क्रीन परत येते. पासवर्ड चुकला असता तर तसा निरोप दिसला असता.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप होताना काहीच दिसत नाही, घाबरू नका. खाली कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. फक्त एक्सऑथॉरिटीतला एक्स आणि ‘२००एम’मधला एम मोठा. नावाआधीचं ‘टिंब’ म्हणजे फुलस्टॉप. टॅब दाबून नाव पूर्ण करायला गेलात तर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा ओरडा येऊ शकतो. आला तर निदान पक्कं झालं म्हणायचं.

आता ‘डीएफ -एच’ टाका, डिस्कवरची जागा दिसते. स्लॅशच्या (/, म्हणजे मुख्य डिस्कच्या) ओळीत १०० टक्के आणि शिल्लक शून्य दिसेल. वापरलेली जागा मात्र एकूण जागेपेक्षा कमी भरेल, कारण ईएक्सटी४ फाइलसिस्टम ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. २४० जीबीवर ती साधारण १२ जीबी होते. तुमच्या नावाने एक अक्षर लिहिता येत नसलं तरी सुडो लावलेल्या, म्हणजे रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या, कमांड बहुधा चालतात, त्या याच जोरावर. टक्केवारी कमी दिसली तर ‘डीएफ -आय’ बघा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले तरी हाच निरोप येतो.

पहिला श्वास घेण्यापुरती जागा: ‘सुडो ॲप्ट क्लीन’, मग ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’. एखादा जीबी सुटला तरी लॉगिन होतं. ‘एलएस -एल’ला टिंब एक्सऑथॉरिटीचं नाव जोडून बघा: आकार शून्य किंवा मालक रूट दिसला तर ती फाइल ‘सुडो आरएम’ने उडवा, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. शेवटी ‘सुडो सिस्टीमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम’, म्हणजे लॉगिनची स्क्रीन नव्याने सुरू होते.

आत शिरलात म्हणजे काम संपलं असं नाही. जागा कुणी खाल्ली ते शोधलं नाही तर आठवड्यात पुन्हा हेच. ‘सुडो डीयू -एक्सएच -डी१ / | सॉर्ट -एच’ चालवा. शेवटची ओळ एकूण बेरजेची, सगळ्यात जड फोल्डर तिच्या लगेच वर येतं. त्यातला एक्स विसरू नका, नाहीतर पेनड्राइव्हसुद्धा मोजत बसेल.

मिंटवर माझा पहिला संशय टाइमशिफ्टवर, म्हणजे सिस्टीमच्या जुन्या स्थितीच्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणाऱ्या प्रोग्रामवर. स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर साठत असतील तर ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ने यादी बघून जुने टाइमशिफ्टमधूनच काढा. एक काढून फारसा फरक पडत नाही, कारण न बदललेल्या फाइली हार्डलिंकने (एकाच फाइलला अनेक नावं) सगळ्या स्नॅपशॉटांत सामाईक असतात. चार-पाच गेल्यावर आकडा हलतो. दुसरा संशय होममधल्या ‘टिंब एक्ससेशन-एरर्स’वर. एखादा बिघडलेला प्रोग्राम त्यात तक्रारी ओतत राहिला तर ती कित्येक जीबींची होते. ती नुसती डिलीट करू नका. प्रोग्रामने उघडी धरलेली फाइल नावाने गेली तरी जागा सुटत नाही. ‘ट्रंकेट -एस ०’ आणि पुढे फाइलचं नाव, असं रिकामं करा. कचरापेटीतल्या मोठ्या टिफ फाइलीही बघा.

‘डीयू’ची बेरीज ‘डीएफ’मधल्या वापरलेल्या जागेशी जुळत नसेल तर बॅकअपची बाहेरची डिस्क काढून पुन्हा मोजा. डिस्क जोडलेली नसताना बॅकअप चालला असेल, तर डिझाइनच्या प्रती एसएसडीवरच्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये पडतात, आणि डिस्क जोडली की तिच्याखाली झाकल्या जातात.