मुलाखतीआधी स्वतःचा डॅफ वाच
यूपीएससीची मेन्स (मुख्य परीक्षा) निघाली, मनापासून अभिनंदन! आता चालू घडामोडींपेक्षा तुझा डॅफ, म्हणजे तू भरलेला सविस्तर अर्ज, जास्त वाच. एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे, आणि तिथले बरेचसे प्रश्न डॅफमधूनच निघतात. सोलापूरचा आहेस, तर चादर, ज्वारी, उजनीचं पाणी यांवर दोन मिनिटं बोलता आलंच पाहिजे. छंदात 'वाचन' लिहिलंयस ना? मग शेवटचं पुस्तक खरंच वाचलेलं हवं.

मराठीतून देणार असशील तर बिनधास्त दे, दुभाषी असतो. फक्त वाक्यं छोटी ठेव, म्हणजे अनुवादात अर्थ हरवत नाही. एखादं उत्तर येत नसेल तर सरळ 'माहीत नाही, सर' म्हण. अंदाजाने ठोकलेलं पुढच्याच प्रश्नात उघडं पडतं. मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती, दोन-तीनच दे. जास्त दिल्या की उत्तरं पाठ केल्यासारखी वाटायला लागतात.