रुईयाला प्रवेश घेतलाय. कॅम्पसमध्ये आणि जवळपास निवांत बसता येईल अशी चांगली कॉफी शॉप कुठली? माटुंग्यात तर सगळी उडुपीच दिसतात.

'सगळी उडुपीच दिसतात' हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मीही रुईयाचीच, त्यामुळे सरळ 'तू'च म्हणते.

कॅफे म्हैसूर १९३६ चं. रुईया १९३७ चं. म्हणजे आपलं कॉलेज सुरू व्हायच्या आधीपासून माटुंग्यात फिल्टर कॉफी मिळतेय. मग स्टेशनसमोरचं राम आश्रय १९३९, किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास १९४०. अख्खी मुंबई रविवारी सकाळी जिथे नाव सांगून फूटपाथवर ताटकळत उभी राहते, त्या भागात तुला कॉलेजसाठी रोज जायचंय, आणि तुला कॉफी शॉप सापडत नाही?

कॅम्पसमधलं आधी उरकते. कुठल्याही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बटण दाबल्यावर जे पडतं ते गरम असतं आणि गोड असतं. पहिल्या लेक्चरला डोळे उघडे ठेवायला तेवढं पुरतं. पुढे.

आता मुद्दा. तुला दोन गोष्टी हव्यात, एक कॉफी आणि एक खुर्ची. मुंबईत या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या खिशाला एकत्र परवडत नाहीत. त्या वेगवेगळ्या ठिकाणी घ्यायच्या असतात. हे मी आमच्या ग्रुपमधल्या एका पार्लेकराला सांगून दमले. तो म्हणायचा, कॉफी निमित्त असते, आपण पैसे खुर्चीचे देतो. टी.वाय.च्या प्रोजेक्टला आम्ही चौघं होतो. याच्या हट्टाखातर दादरच्या एका एसी कॅफेत गेलो. मोठी साखळी आहे, नाव नको. चौघांत एक कॅपुचिनो आणि एक ब्राउनी. कपावर पानाची नक्षी होती, ती मोडू नये म्हणून बराच वेळ कोणी पहिला घोट घेईना. तोवर कॉफी गार. आमच्याच वयाचा वेटर दर थोड्या वेळाने येऊन 'एनिथिंग एल्स मॅम?' विचारायचा. मग गाणी मोठी झाली. मग चार्जरचा पॉइंट 'चालत नाही' असं कळलं, जो शेजारच्या टेबलाचा छान चालत होता. शेवटी लाजेकाजेस्तव अजून तीन कॉफ्या मागवल्या. टीटीएमएम करूनही माझ्या पोटात गोळा आला, कारण एकूण बिल माझ्या डोंबिवलीच्या सेकंड क्लासच्या महिन्याच्या पासापेक्षा जास्त होतं. आणि प्रोजेक्टचं मुखपृष्ठ तेवढं तयार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना माटुंग्यातल्या एका उडुप्याकडे नेलं. टेकतोय न टेकतोय तोच कॉफी आली. पार्लेकराने सांबाराच्या वाट्या सरकवल्या आणि टेबलावर लॅपटॉप उघडला. मागे एक काका हातात पिशवी घेऊन त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे. वेटर अण्णा आला. काही बोलला नाही. एका हाताने लॅपटॉप उचलला, दुसऱ्या हातातल्या फडक्याने खालचं टेबल पुसलं, आणि परत ठेवताना लॅपटॉप बंद करून ठेवला. वर बिलाचा कागद. आम्ही तिघं हसून हसून बेजार, हा मात्र लालबुंद.

तेव्हापासून आजपर्यंत त्याचं एकच पालुपद, 'उडुपीवाले गिऱ्हाइकाला हाकलतात.' हाकलत नाहीत रे बाबा! त्यांनी तुला कॉफी विकली, टेबल भाड्याने दिलं नव्हतं. मागच्या काकांनाही भूक लागलेली असते. एका कॅपुचिनोच्या पैशांत तिथे चौघांची कॉफी होते ती टेबलं सारखी हलती असतात म्हणूनच. तुम्ही तासभर बसायला लागलात की कॉफीला एसीचं भाडं चिकटणारच. प्रोजेक्ट अखेर कॉलेजच्या लायब्ररीत आणि फाइव्ह गार्डन्सच्या बाकांवर झालं. दोन्ही चकटफू.

तर पद्धत अशी. अभ्यास लायब्ररीत, गप्पा रुईया नाक्यावर नाहीतर फाइव्ह गार्डन्सला, आणि कॉफी उडुप्याकडे, मधल्या सुट्टीत. बसल्या बसल्या सांगायचं, 'एक फिल्टर कॉफी, स्ट्राँग, साखर कमी.' साखरेचं आधीच सांग, नाहीतर गोडमिट्ट येते आणि मग काही करता येत नाही. स्टीलच्या टंबलरात येते, टंबलर दवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, बसवलेला, थोडी सांडलेली असते ती दवऱ्यातच. काठ बाहेर वळवलेला असतो, तिथेच चिमटीत धरायचं, अंगाला हात लावलास तर भाजेल. दवऱ्यात ओतायची, परत टंबलरात, हात जमेल तेवढा उंच. दोन-तीन वेळा केलं की फेस येतो आणि कॉफी पिण्याइतकी निवते. नवखे लोक इथे शर्टावर सांडतात, त्यामुळे सुरुवातीला पांढरा कुर्ता टाळ.

पार्लेकराचा दुसरा आक्षेप, 'ती कॉफी कुठे, चिकोरीचं पाणी आहे.' चिकोरी असते, कोण नाही म्हणतंय? ती एका रोपाची मुळं असतात, भाजून दळलेली. गुजरात-उत्तर प्रदेशात पिकतात. त्यांनी डिकॉक्शनला, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काला, रंग आणि दाटपणा येतो, दुधात चव बुडत नाही. आणि नियमच आहे की अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. नको असेल तर माटुंग्यातच म्हैसूर कन्सर्न्समध्ये जा आणि 'प्युअर' माग. दाणे पीबेरी प्रकारचे की प्लांटेशन, चिकोरी किती, हे तुला विचारून पूड देतात. हॉस्टेलवर राहणार असशील तर स्टीलचा दुमजली फिल्टर घेऊन टाक. वरच्या डब्यात पूड, चकतीने हलकेच दाबायची, वरून उकळतं पाणी, झाकण, आणि आंघोळ करून ये. तोवर खाली डिकॉक्शन जमलेलं असतं. हा फिल्टर आमच्या त्या एसी कॅफेतल्या बैठकीपेक्षा स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

जाता जाता, आपल्या मराठी घरातल्या कॉफीचा मला अभिमान वगैरे नाही. परीक्षेच्या रात्री आई दुधात कॉफी उकळून त्यात जायफळ किसायची. जागायला कॉफी आणि झोपायला जायफळ, एकाच कपात. चव अप्रतिम, पण पेपरचा भरवसा नाही.

तू फक्त रुईयाचं विचारलंयस, पण मित्रमैत्रिणी दुसऱ्या कॉलेजांत असणारच. झेवियर्सच्या जवळ धोबीतलावला क्यानी आहे, १९०४ चं, पण इराण्याकडे जाऊन कॉफी मागू नये, तिथे चहा आणि ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी. मिठीबाईवाल्यांना जुहूचं पृथ्वी कॅफे जवळ आहे, तिथे सुलेमानी चहा आणि आयरिश कॉफी चालते आणि बसलं तरी कोणी उठवत नाही. हे एक ठिकाण पार्लेकराच्या बाजूने मोजायला मी तयार आहे. दुसरं जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार होतं. १९६४ चं, २०१५ मध्ये बंद झालं. तिथे लोक एका चहावर दुपार काढायचे. शेवटी गॅलरीने ती जागा परत घेतली. वांद्र्यात ब्लू टोकाई, सबको अशी हल्लीची दुकानं आहेत. दाणे स्वतः भाजतात, कुठल्या मळ्याची कॉफी ते पाकिटावर लिहितात. कॉफी खरंच चांगली असते. पहिला स्टायपेंड आला की जा, त्याआधी नको.

आता काही सूचना, ज्या सुरुवातीलाच यायला हव्यात पण पार्लेकर मध्ये आला. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवार सकाळी तिकडे फिरकूच नकोस, आठवड्याच्या दिवसांत टेबल मिळतं, तेही अनोळखी माणसांसोबत वाटून घ्यावं लागतं. पावसाळ्यात फाइव्ह गार्डन्सचा सल्ला बाद, आणि मुसळधार लागला तर किंग्ज सर्कलला गुडघाभर पाणी भरतं, तेव्हा कॉफी विसर आणि आधी ट्रेन चालू आहेत का बघ. ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल, शांतता आणि वायफाय लागणारच असेल, तर गुपचूप एसी कॅफेत जा, स्वतःची एक अख्खी कॉफी घे आणि कोपरा पकड. त्या दिवशी खुर्चीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

पार्लेकरही या साइटवर आहे. तो खाली येऊन 'दादरला एक मस्त जागा आहे' असं लिहीलच. त्याला विचार, त्या दिवशीच्या बिलातला त्याचा वाटा अजून कोणाकडे बाकी आहे.